सिएटलचं छप्पर: शहराच्या मालकीच्या एका अरिनाची साठ वर्षं

गोगलगाय:

नवी मुंबईत जानेवारी २०२५ मध्ये कोल्डप्ले आले होते, त्या धाग्यावर एकांनी विचारलं होतं की हाच बँड २०२१ मध्ये सिएटलच्या ज्या अरिनाच्या (म्हणजे बंदिस्त क्रीडागृहाच्या; आताचं नाव क्लायमेट प्लेज अरिना) उद्घाटनाला वाजवून गेला, ते नवीन बांधलंय की जुनंच रंगवून काढलंय? उत्तर लिहायला घेतलं आणि लांबत गेलं, म्हणून वेगळा धागा.

थोडक्यात: छप्पर १९६२ चं आहे. त्याखालचं सगळं दोनदा उपसून नव्यानं बांधलंय. सुरुवातीचा थोडा काळ सोडला तर इमारत कायम शहराच्याच मालकीची. आता सविस्तर.

१९६२ साली सिएटलमध्ये जागतिक प्रदर्शन भरलं, २१ एप्रिल ते २१ ऑक्टोबर. स्पेस नीडल, मोनोरेल हे सगळं तेव्हाचंच. स्पुटनिकनं अमेरिकेला हादरा दिल्यानंतरची ती वर्षं, त्यामुळे विषय ठरला विज्ञान आणि येणारं एकविसावं शतक. सिएटल ज्यात येतं त्या वॉशिंग्टन राज्यानं आपलं दालन म्हणून एक भलीमोठी इमारत उभारली. वास्तुविशारद होते पॉल थायरी. चार बाजूंना चार दणकट काँक्रीटचे पाय, त्यांच्यावर पेललेलं, मधे ११० फुटांवर शेंडा असलेलं छप्पर, आणि आत एकही खांब नाही. लांबून बघितलं तर आपल्याकडचं चौपाखी कौलारू छप्पर कुणीतरी राक्षसी मापात मोठं करून, भिंती न बांधताच जमिनीवर आणून ठेवलंय असं वाटतं.

आत 'उद्याचं जग' होतं. तिथं जायला 'बबलेटर' नावाची गोल पारदर्शक लिफ्ट. एका खेपेत शंभरेक माणसं वर. प्रदर्शनानंतर ती शेजारच्याच दुसऱ्या इमारतीत काही वर्षं चालली आणि शेवटी एका हौशी माणसानं तिचा गोल घुमट नेऊन घरच्या अंगणात काचघर केलं. एकविसाव्या शतकाचं वाहन, एकविसाव्या शतकात झाडं सांभाळतंय.

प्रदर्शन संपल्यावर शहरानं ही इमारत राज्याकडून २९ लाख डॉलरना घेतली, आत प्रेक्षागार बसवलं आणि १९६४ पासून ती 'कोलिझियम' म्हणून चालू केली. ही इमारत मुळात खेळासाठी बांधलेलीच नव्हती, हे ध्यानात असू द्या. पुढचे निम्मे घोळ त्यातूनच आले.

२१ ऑगस्ट १९६४ ला बीटल्स आले. चौदा हजारांवर पोरंपोरी. कार्यक्रम संपल्यावर गर्दीतून मोटार निघेना, तेव्हा चौघांना रुग्णवाहिकेत घालून बाहेर काढलं. १९६७ ला शहराला एनबीए या बास्केटबॉलच्या व्यावसायिक लीगमधला संघ मिळाला, सुपरसॉनिक्स, थोडक्यात सॉनिक्स. बोईंग तेव्हा स्वनातीत प्रवासी विमान बनवायच्या तयारीत होती, त्यावरून हे नाव. ते विमान १९७१ ला रद्द झालं, नाव राहिलं. १९७८ मध्ये संघ जिल्ह्याच्या मालकीच्या किंगडोम नावाच्या अवाढव्य घुमटात गेला, १९७९ ला विजेता झाला (त्यांचं एकमेव विजेतेपद) आणि १९८५ मध्ये परत कोलिझियमला आला.

आल्या आल्या काय व्हावं? ५ जानेवारी १९८६, फिनिक्सविरुद्ध सामना. बाहेर सिएटलचा पाऊस, आत छपरातून कोर्टावर ठिबक. पोरं टॉवेल घेऊन पुसतायत, खेळाडू घसरतायत. दुसऱ्या सत्रात पंचांनी खेळ थांबवला आणि उरलेला सामना दुसऱ्या दिवशी झाला. पावसानं थांबलेला एनबीएचा हा पहिला सामना. छपराखालचा!

मग १९९४-९५ मध्ये ७ कोटी ४५ लाख डॉलर खर्चून आतलं सगळं काढलं. छप्पर वर उचलता येत नव्हतं, म्हणून जमीन खाली नेली: खेळाची पातळी रस्त्यापेक्षा ३५ फूट खोल. तो हंगाम सॉनिक्स टकोमा डोममध्ये खेळले. ऑक्टोबर १९९५ ला नवं अरिना उघडलं, नाव विकलं १ कोटी ५१ लाखांना एका बँकेला: की-अरिना. बास्केटबॉलला १७,०७२ जागा. पहिल्याच हंगामात सॉनिक्स अंतिम फेरीत. समोर मायकल जॉर्डनचे शिकागो बुल्स, ७२ विजय मिळवून आलेले. हरले ४-२, पण त्या दोन विजयांवर इथली माणसं अजून जगतात.

आणि मग तेरा वर्षांत सगळं विस्कटलं. १९९५ चं गणित असं होतं की महागडे कक्ष, नाव आणि सामने यांच्या उत्पन्नातून कर्ज फिटेल. काही वर्षं ते जमलंही. पण इतर शहरांनी तोवर कितीतरी मोठी अरिना बांधली, आणि आपलं ताजं की-अरिना एनबीएतल्या सगळ्यात लहानांपैकी एक होऊन बसलं. २००१ ला संघ स्टारबक्सच्या हॉवर्ड शुल्ट्झनी घेतला. त्यांना सरकारी पैशातून पुन्हा नूतनीकरण हवं होतं, ते मिळालं नाही. २००६ मध्ये त्यांनी संघ ओक्लाहोमाच्या क्ले बेनेट यांच्या गटाला ३५ कोटी डॉलरना विकला. त्याच नोव्हेंबरात सिएटलच्या मतदारांनी जवळपास ७४ टक्क्यांनी ठराव केला की शहरानं खेळाच्या संघांवर पैसा घालायचा असेल तर त्यावर परतावा मिळालाच पाहिजे. बेनेट यांनी सिएटलजवळच्या रेंटनला ५० कोटींच्या अरिनाचा प्रस्ताव मांडला, विधिमंडळानं दाद दिली नाही.

२००८ च्या जूनमध्ये शहर कोर्टात. मुद्दा एकच: भाडेकरार २०१० पर्यंत आहे, तोवर इथेच खेळा. २ जुलैला निकालाच्या काही तास आधी तडजोड झाली. साडेचार कोटी डॉलर घेऊन शहरानं संघ सोडला. नाव, रंग सिएटललाच राहिले. खेळाडू ओक्लाहोमा सिटीला जाऊन 'थंडर' झाले.

पुढची दहा वर्षं आणि २०१८ नंतरचं खोदकाम याबद्दल प्रतिसादात लिहितो. आत्ता बोटं दुखली.

खडूस_पुणेकर:

रुमाल टाकून ठेवतो. एक शंका आहे, जेवून आल्यावर विचारतो.

सायली_बॉथेल:

धाग्याबद्दल आभार, पण जखमेवर मीठ चोळलंत.

१३ एप्रिल २००८, की-अरिनातला सॉनिक्सचा शेवटचा सामना, डॅलसविरुद्ध. एकोणीस वर्षांचा केव्हिन ड्युरांट पहिल्या वर्षात होता. शेवटी त्यानंच सामना फिरवला आणि जिंकल्यावर प्रेक्षकांकडे हात हलवून अजून आवाज काढा म्हणाला. आपला पुढच्या दहा वर्षांचा हिरो डोळ्यांसमोर दिसतोय आणि तो चाललाय, हे ठाऊक असताना बघितलेला सामना!

एक राहिलं तुमच्याकडून. सगळे गेले तेव्हा कोण राहिलं? स्टॉर्म, बायकांचा संघ. बेनेट यांच्या गटानं सॉनिक्सबरोबर तोही घेतला होता. सिएटलमधल्या काही बायकांनी एकत्र येऊन २००८ च्या सुरुवातीला तो विकत घेतला, म्हणून इथे टिकला. २००४, २०१०, २०१८, २०२० अशी चार विजेतेपदं. सू बर्ड चारही वेळा संघात. पुरुषांचा संघ गेल्यावर 'सिएटलमध्ये बास्केटबॉल संपलं' असं पेपरवाले लिहायचे, तेव्हा त्याच कोर्टावर खेळणाऱ्या या बायकांनी दोनच वर्षांत करंडक उचलला. इतिहास लिहिताना यांना कंसात टाकू नका एवढंच.

गोगलगाय:

@सायली, शंभर टक्के मान्य. ड्युरांटवरून आठवलं, ५ ऑक्टोबर २०१८ ला की-अरिना बंद होण्याआधी तिथं एक सराव सामना झाला, गोल्डन स्टेटविरुद्ध सॅक्रामेंटो. ड्युरांट गोल्डन स्टेटकडून आला होता आणि ओळख परेडला सॉनिक्सच्या शॉन केम्पचा जुना जर्सी घालून बाहेर आला. काय गदारोळ झाला!

आता मधली दहा वर्षं. संघ नाही, तरी इमारत ओस पडली नाही. गायक येत होते, स्टॉर्म होती. पण मोठे दौरे टाळू लागले होते, कारण ट्रक आत आणायची सोय फारच तोकडी. दरम्यान ख्रिस हॅन्सन नावाच्या गुंतवणूकदारांनी बेसबॉल-फुटबॉलच्या मैदानांशेजारी सोडो भागात नवं अरिना बांधायचा प्रस्ताव २०१२ मध्ये आणला. त्यासाठी ऑक्सिडेंटल अव्हेन्यूचा एक तुकडा शहरानं सोडून द्यायचा होता. बंदराचा विरोध होता, मालवाहतूक अडेल म्हणून. मे २०१६ मध्ये सिटी कौन्सिलनं ५-४ मतांनी नकार दिला. नकार देणाऱ्या पाचही बाया होत्या, आणि त्यांना नंतर ज्या भाषेत पत्रं-मेल आले ते इथे लिहिण्यासारखं नाही. खेळप्रेमाच्या नावाखाली माणसं किती खालच्या पातळीला जातात याचा नमुना.

तो नकार मिळाला म्हणूनच शहर परत आपल्या जुन्या इमारतीकडे वळलं. २०१७ मध्ये ओक व्ह्यू ग्रुपची निवड झाली. करार ३९ वर्षांचा, वर दोनदा आठ-आठ वर्षांची वाढ. बांधकामाचा खर्च त्यांचा, मालकी शहराची. खर्च ६० कोटींवरून सुरू झाला आणि शंभर कोटी डॉलरच्या पार गेला. तो फटका शहराला बसला नाही, हे त्या कराराचं खरं यश.

गवंडीकाका:

बांधकामातला माणूस म्हणून छपराबद्दल चार शब्द.

२०१७ साली शहराच्या वारसा मंडळानं या इमारतीला संरक्षण दिलं. म्हणजे छप्पर पाडायचं नाही, त्याचं रूप बदलायचं नाही. ठेकेदाराला सांगितलं काय, तर छत तसंच ठेवा आणि खाली अरिना नवीन बांधा, क्षेत्रफळ जवळजवळ दुप्पट करा. छताचं वजन ४ कोटी ४० लाख पौंड, म्हणजे २० हजार टनांच्या आसपास.

तर त्यांनी आधी त्या छताला तात्पुरत्या पोलादी सांगाड्याचे टेकू दिले. मग ज्या काँक्रीटच्या पायांवर ते बसलं होतं त्यांच्याखालची माती काढायला घेतली. १९९५ ला ३५ फूट खाली गेले होते, आता अजून सुमारे १५ फूट. आजूबाजूलाही खोदत गेले, म्हणून रस्त्यावरून बघताना इमारत तेवढीच दिसते आणि आत गेल्यावर माणूस चक्रावतो. सिएटल भूकंपाच्या पट्ट्यात आहे. खोदकाम चालू असताना ते टेकवलेलं छत हलून चालणार नाही, हे सगळं गणितात धरायचं. आमच्याकडे जुना वाडा उतरवताना शेजारच्या भिंतीला टेकू देतो तरी रात्री झोप लागत नाही.

दुसरं. एरवी अरिनात मधोमध एक मोठा गुणफलक लटकतो. इथे दोन त्रिकोणी फलक आहेत, दोन टोकांना. स्पेस नीडलच्या बाजूची काच झाकली जाऊ नये आणि छताच्या आकारात बसावं, या दोन्ही गोष्टी त्यात साधल्या. जुन्या इमारतीच्या अडचणीतून नवी कल्पना निघते ती अशी.

१९९५ च्या कामात मात्र एक चूक होती जी नंतर महागात पडली. ते काम पूर्ण बास्केटबॉल डोळ्यांसमोर ठेवून केलं. आइस हॉकीचं रिंगण त्यात मधोमध बसायचंच नाही, एका बाजूला सरकायचं. कनिष्ठ हॉकीचा थंडरबर्ड्स संघ तसाच खेळायचा, फलक मधल्या रेषेवर नाही, भलतीकडेच. शेवटी ते २००९ च्या सुरुवातीला जवळच्या केंट गावाला निघून गेले. त्यामुळे सॉनिक्स गेल्यावर 'चला, निदान हॉकी तरी आणू' ही वाटही बंद होती.

खडूस_पुणेकर:

जेवून आलो. शंका अशी. यात वेगळं ते काय? आमच्या पुण्याचं नेहरू स्टेडियम महापालिकेचं. १९९६ च्या विश्वचषकात केनियानं वेस्ट इंडीजला तिथंच हरवलं. पुढे क्रिकेट असोसिएशननं गहुंज्याला स्वतःचं मैदान बांधलं, २०१२ पासून आंतरराष्ट्रीय सामने तिकडे. मुंबईत तर त्याआधीच झालं: ब्रेबोर्न क्लबाचं, तिकिटांच्या वाटपावरून असोसिएशनशी बिनसलं, आणि हाकेच्या अंतरावर वानखेडे उभं राहिलं, १९७५ ला पहिली कसोटी. जागा एकाची आणि खेळ दुसऱ्याचा असला की भांडण ठरलेलं. अमेरिकेत जाऊन वेगळं शहाणपण नाही आलं.

गोगलगाय:

@खडूस_पुणेकर, उदाहरणं चोख आहेत, पण एक फरक आहे आणि तो मोठा आहे. असोसिएशन चिडली तरी गहुंज्याला जाते, चर्चगेटपासून चर्चगेटलाच राहते. महाराष्ट्राचा रणजी संघ उद्या कुणी विकत घेऊन भोपाळला नेला असं होत नाही. इथे संघ ही खाजगी मालमत्ता आहे. मालक त्याला उचलून दोन हजार मैलांवर नेऊ शकतो, आणि संघांची संख्या लीगच ठरवते, म्हणून बाजारात नेहमी एखादं शहर संघासाठी हपापलेलं असतंच. त्या शहराचं नाव दाखवून आधीच्या शहराकडून नवं अरिना काढून घ्यायचं, हा खेळ कित्येक वर्षं चाललाय.

अशा खेळात इमारतीची मालकी शहराला काय देते? २००८ ला दिसलं: भाडेकराराची उरलेली दोन वर्षं आणि साडेचार कोटी डॉलर. बस. माझं मत असं की सिएटलला खरा फायदा त्या मालकीचा नंतर झाला. संघ गेला तरी शहराच्या मधोमध जागा शहराच्याच हातात होती, ती घर बांधणाऱ्यांना विकली नाही, आणि दहा वर्षांनी दारात आलेल्या माणसाला 'खर्च तू कर' असं सांगता आलं. हॉकीच्या लीगनं डिसेंबर २०१८ मध्ये सिएटलला संघ दिला, प्रवेशाची किंमत ६५ कोटी डॉलर, तीही मालकांनी भरली.

याउलट किंगडोम बघा. जिल्ह्याचा होता, १९७६ ला उघडला, १९९४ ला छताच्या फरशा पडल्या, २६ मार्च २००० ला सुरुंग लावून पाडला. आणि त्याचं कर्ज २०१५ पर्यंत लोक फेडत होते. नसलेल्या इमारतीचे हप्ते!

डोटाबहाद्दर:

तुम्ही सगळे बास्केटबॉलवर. आमच्या पिढीसाठी की-अरिना म्हणजे 'डोटा २' या कॉम्प्युटर गेमची 'द इंटरनॅशनल' स्पर्धा, २०१४ ते २०१७. २०१४ लाच बक्षिसाची रक्कम एक कोटी डॉलरच्या वर गेली होती. मधोमध काचेच्या खोल्यांत पाच-पाच पोरं बसलेली आणि आजूबाजूला भरलेलं अरिना. घरी सांगितलं तर आई म्हणाली, दुसऱ्याला खेळताना बघायला तिकीट काढलंस? मी म्हटलं, बाबा क्रिकेटला काय करतात मग?

पोक्त:

नावाबद्दल कुणीच बोललं नाही. २०२० मध्ये अॅमेझॉननं नावाचे हक्क घेतले आणि स्वतःचं नाव न देता 'क्लायमेट प्लेज अरिना' ठेवलं. हवामानाची शपथ. ज्यांच्या गाड्या आणि विमानं जगभर खोकी पोचवतायत त्यांनी शपथ घ्यायची, आणि आपण टाळ्या वाजवायच्या. त्या एका इमारतीत स्वयंपाकाला गॅस नाही म्हणून पृथ्वी थोडी थंड होणार आहे?

सायली_बॉथेल:

@पोक्त, कंपनीबद्दल जे म्हणायचं ते म्हणा, इमारतीबद्दल थोडं थांबा. छप्पर ठेवलं, हीच मुळात मोठी बचत. तेवढं काँक्रीट-पोलाद नव्यानं लागलं नाही. आत जीवाश्म इंधन रोजच्या वापरात नाही, बर्फ सपाट करायचं यंत्रसुद्धा विजेवर. शून्य कार्बनचं प्रमाणपत्र बाहेरच्या संस्थेनं तपासून दिलंय. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट: छपरावरचं पावसाचं पाणी १५ हजार गॅलनच्या टाकीत (५७ हजार लिटर धरा) साठवतात आणि त्यातून हॉकीचं बर्फ करतात. १९८६ ला याच छपरातून गळलेल्या पाण्यानं सामना बंद पडला होता.

पोक्त:

हे मात्र झकास. टाकीचं मान्य, नावाचं नाही.

गवंडीकाका:

फॉसिल इंधनापेक्षा लोक येतात कसे ते जास्त महत्त्वाचं. सतरा हजार माणसं मोटारीनं आली तर टाकी आणि विजेचं यंत्र सगळं पाण्यात. तिथं पार्किंगचं काय?

गोगलगाय:

@गवंडीकाका, बरोबर जागी बोट ठेवलंत. शेजारच्या क्वीन ॲन वस्तीतल्या रहिवाशांचा विरोधही यावरूनच होता. करारात वाहतुकीसाठी ४ कोटी डॉलर वेगळे काढून घेतलेत. सामन्याच्या तिकिटावर बस, रेल्वे, मोनोरेल फुकट. १९६२ चीच मोनोरेल, डाउनटाउनहून दोन-तीन मिनिटांत सोडते, आणि डाउनटाउनच्या स्टेशनात लाइट रेलची जोड मिळते. साठ वर्षं पर्यटकांचं खेळणं म्हणून हिणवलेली गाडी आता हॉकीच्या दिवशी खच्चून भरते. तरी बेलव्ह्यू-रेडमंड या उपनगरांतून आपली मंडळी गाडीच काढतात, आणि मग सुटल्यावर मर्सर स्ट्रीटवर तासभर अडकून मंडळाच्या ग्रुपवर तक्रारी टाकतात.

उद्घाटनाचं राहिलं: १९ ऑक्टोबर २०२१ ला फू फायटर्स वाजवून गेले, २२ ला कोल्डप्ले, २३ ला क्राकेन या नव्या हॉकी संघाचा घरचा पहिला सामना व्हँकूव्हरशी. हरले ४-२.

खडूस_पुणेकर:

म्हणजे पहिले वाजवणारे फू फायटर्स. मूळ धाग्यावर कोल्डप्लेचं श्रेय उगाच लाटलं होतं, तिकडे जाऊन सांगून येतो.

सायली_बॉथेल:

जाताना हेही सांगा की एनबीए परत येणार अशी चर्चा चालू आहे. करार बघितला तर इमारत तयार, नाव आणि रंग राखून ठेवलेले, पैसेवाले मालक रांगेत. फक्त न्यूयॉर्कला बसलेल्या एनबीएच्या मंडळींनी हो म्हणायचंय. तोवर स्टॉर्मची तिकिटं काढा, स्वस्त पडतात आणि खेळ अव्वल असतो.